सदाफुलीच्या बॅचला कोण शिकवणार?

तीन वर्षांपूर्वी आमच्या इंग्रजी विभागाने एफवायच्या मुलांची एक चाचणी घेतली आणि तिच्या गुणांवरून तीन बॅच पाडल्या. अ, ब, क म्हटलं तर मुलांच्या मनाला लागेल, म्हणून विभागप्रमुखांनी फुलांची नावं सुचवली. मोगरा, जास्वंद, सदाफुली. बैठकीत ही कल्पना सगळ्यांना आवडली, मलाही आवडली. सोमवारी नोटीस बोर्डावर याद्या लागल्या. बुधवारी जिन्यात एक मुलगा दुसऱ्याला हाक मारत होता, "ए सदाफेल, थांब ना!"

कॉलेज नवी मुंबईतलं आहे. नाव सांगत नाही, कारण असं करणारं ते एकटं नाही. मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने जाते, आणि माझी निम्मी मुलंही त्याच गाडीत असतात. कोणी दिवा-मुंब्र्याहून ठाण्याला येऊन दहा नंबरवर धावत आलेलं, कोणी ऐरोलीच्या टॉवरमधून उतरलेलं, कोणी घणसोलीच्या गावठाणातलं, कोणी कोपरखैरण्याच्या माथाडी कुटुंबातलं. एका वर्गात १२० जण. त्यांच्यात आयसीएसईची फाडफाड बोलणारी आहेत, गल्लीतल्या खासगी इंग्लिश मीडियमची आहेत, महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू शाळांतली आहेत, आणि मुरबाड-शहापूरकडून मावशीकडे राहायला आलेलीही आहेत. या सगळ्यांना एकाच तासाला एकच इंग्रजी शिकवायचं. आणि गाडीतून सगळ्यांनाच ऐरोली-रबाळ्याच्या त्या काचेच्या इमारती दिसतात, जिथे दारातच विचारतात, "टेल मी अबाउट युवरसेल्फ."

इंग्रजीच्या वर्गात मुलांचे क्षमतेनुसार गट पाडावेत का, यावर स्टाफरूममध्ये भरपूर बोललं जातं. जे गटात बसणार असतात त्यांना मात्र कोणी विचारत नाही. त्या वर्षीच्या सत्राअखेरीस मी तिन्ही बॅचमध्ये कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही, भाषा कुठलीही चालेल, प्रश्न एकच: वेगळ्या बॅच हव्यात की पुन्हा एकत्र बसायचंय, आणि का? याला संशोधन म्हणायचं धाडस मी करणार नाही. वर्षभर ज्यांच्यासमोर बडबडलो त्यांचं एकदा ऐकून घेतलं, एवढंच.

माझा अंदाज होता की मोगरावाले खूश असतील आणि सदाफुलीवाले चिडलेले. तसं निघालं नाही. सदाफुलीतल्या बहुतेकांना वेगळी बॅच हवीच होती. एकाने लिहिलं होतं, "इथे चुकलं तर कोणी मागे वळून बघत नाही." दुसऱ्या चिठ्ठीत, "वेगळं बसवा, पण बोर्डावर यादी लावू नका." एक चिठ्ठी फक्त पंख्याबद्दल होती. मोगऱ्यात मतं फाटलेली. काहींना वेग आवडला होता, तर काहींचे मित्र तुटले होते. एकाचं म्हणणं असं, की एकत्र वर्गात शेजारच्यामुळे त्याचं मराठी सुधारत होतं, ते थांबलं. खरा राग होता तो जास्वंदीत. मधल्या मुलांचा. "एका मार्काने मोगरा गेला" ही तक्रार मी इतक्या चिठ्ठ्यांत वाचली की शेवटी मोजायचं सोडून दिलं.

म्हणजे दुबळ्या मुलांचा अपमान होतो म्हणून गट नकोत, असं आम्ही मास्तरलोक त्यांच्या वतीने बोलत होतो, आणि त्यांचा आक्षेप गट पाडण्याला नव्हताच. त्यांचा आक्षेप होता पंख्याला, यादीला आणि बाईंना. बाईंचं सांगायचं तर मोगरा विभागप्रमुखांनी स्वतः घेतला होता. जास्वंद माझ्याकडे. सदाफुली तासिका तत्त्वावरच्या एका मुलीकडे दिली होती. तिची पहिलीच नोकरी, सकाळी आमच्याकडे, दुपारी ठाण्यात, संध्याकाळी कल्याणला असे तास घेत पळणारी. सदाफुलीचा तास सकाळी ७.१० चा, तिसऱ्या मजल्यावर, जिथला एक पंखा बंद आणि दुसरा आवाज करणारा. सकाळी ७.१० ला तिथे पोचायचं तर दिव्याच्या मुलाला घरातून सहाच्या आत निघावं लागतं, आणि लांबून येणारी मुलं नेमकी याच बॅचमध्ये जास्त होती. मोगरा साडेदहाला, पहिल्या मजल्यावर, प्रोजेक्टरच्या खोलीत. हे कोणी दुष्टपणाने केलं नव्हतं. वेळापत्रक करताना आधी सीनियर लोक आपापल्या सोयी सांगतात, उरलेलं उरलेल्यांना मिळतं. सप्टेंबरमध्ये त्या मुलीला दुसरीकडे बरी नोकरी मिळाली, ती गेली. तीन आठवडे सदाफुलीला कोणीच नव्हतं. मग ती बॅच माझ्या गळ्यात पडली. "गळ्यात पडली" हे मी तेव्हा वापरलेले शब्द आहेत. बदलत नाही.

तिथला एक तास सांगते. ताजी मासळी कशी ओळखायची ते इंग्रजीत सांगा, असा सोपा खेळ होता, सूचना देणारी वाक्यं यावीत म्हणून. घणसोली गावातली एक मुलगी उठली. तिची आई मासे विकते. जुलैत १२० जणांच्या वर्गात ही पाचव्या बाकावर बसायची, महिनाभर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मॅम, कल्ल्याला काय म्हणतात?" मी सांगितलं, गिल्स. "गिल्स ओपन करो... गिल्स शुड रेड. आय नॉट इनसाइड." मग पोटावर बोट दाबून दाखवत, "स्टमक प्रेस, अँड इट कम बॅक." वर्ग हसला नाही. उलट मागून प्रश्न आला, "अँड स्मेल?" तिने उत्तर दिलं, दोन वाक्यं, दोन्ही चुकीची, दोन्ही समजणारी. त्यानंतर आम्ही फळ्यावर ती सगळी वाक्यं नीट केली, आणि "शुड" नंतर "बी" का लागतं हे त्या दिवशी त्या वर्गाला समजलं. आधी मी ते तीनदा शिकवलं होतं.

याच मुलीला मोगऱ्यातल्या मुलांसमोर उभं केलं असतं तर ती उठलीच नसती. त्यांनी काही केलं असतं म्हणून नव्हे. काही न करताच. आमच्याकडे "व्हर्नाक" हा शब्द आहे, मराठी-हिंदी माध्यमातल्या मुलांसाठी, कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात कानावर पडतो. तो कोणी तोंडावर म्हणत नाही, आणि तरी तो सगळ्यांना माहीत असतो.

आता याच बॅचमधली दुसरी गोष्ट. कोपरखैरण्यातल्या एका छोट्या इंग्लिश मीडियम शाळेतून आलेला मुलगा. बोलण्यात अडखळणं नाही, कॅन्टीनमध्ये पोरींशीही इंग्रजीतच. चाचणीत २५ पैकी ९. कारण आमची चाचणी कसली होती? व्हॉइस बदला, डिग्री बदला, "टू" काढून वाक्य लिहा, "नो सूनर" ने सुरुवात करा. दहावीच्या पेपरातलं "डू ॲज डायरेक्टेड" आम्ही उचलून जसंच्या तसं लावलं होतं. त्याला हे व्याकरण नावानिशी कोणी शिकवलंच नव्हतं, आणि स्पेलिंग तर तो कानाने लिहायचा. तो सदाफुलीत आला, एक आठवडा बसला आणि यायचा बंद झाला. त्याच चाचणीत शहापूरकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला २१ पडले. गाइड पाठ, "डू ॲज डायरेक्टेड" तोंडपाठ. ती मोगऱ्यात गेली आणि दोन महिने तिथे गप्प बसून राहिली. विभागप्रमुख मला म्हणाले, "हुशार आहे, पण घुमी आहे." ती घुमी नव्हती. गाडीत तिच्या शेजारी बसून बघा, ऐरोली येईपर्यंत तुमचा कान खाईल.

ज्याला बोलण्याची बॅच वरची हवी होती तो खाली गेला आणि जिला बोलण्यासाठी खालची हवी होती ती वर गेली. एका आकड्यात इंग्रजी मावत नाही, हे युरोपातल्या लोकांना कधीच कळलेलं आहे. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषापातळ्यांची जी चौकट काढली, ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांची, तिच्यात ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं यांची वर्णनं वेगवेगळी आहेत. एकच माणूस वाचण्यात बी-२ आणि बोलण्यात ए-२ असू शकतो. आपल्या मराठी माध्यमातल्या निम्म्या मुलांचं अचूक वर्णन हेच. आम्ही मात्र चार विहिरींची खोली एका दोरीने मोजली आणि सरासरी काढली.

आणि "क्षमता" या शब्दाशीच माझं भांडण आहे. घणसोलीची ती मुलगी घरी आगरी बोलते, बाजारात हिंदी, कॉलेजात मराठी, आणि गिऱ्हाईक गुजराती असेल तर कामापुरतं तेही. भाषेची क्षमता तिच्यात कमी आहे असं मला कोण सांगणार? चाचणी मोजते ती क्षमता नव्हे, मागची बारा वर्षं तुम्ही कुठल्या इमारतीत बसलात ते मोजते. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे आज माझ्यासमोर बसलेलं प्रत्येक मूल बारा वर्षं इंग्रजी "शिकून" आलेलं आहे. बारा वर्षांनंतर ज्याला "माय नेम इज" च्या पुढे जाता येत नाही, त्याच्या क्षमतेबद्दल बोलण्याआधी त्या बारा वर्षांबद्दल बोलायला हवं. ते बोलणं गैरसोयीचं असतं, म्हणून आपण मुलावर लेबल लावतो.

तुकड्यांचा हा खेळ आपल्याला नवा नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी तो शाळेत भोगलाय किंवा उपभोगलाय. ठाण्यातल्या माझ्या शाळेत अ तुकडीला इंग्रजी स्वतः मुख्याध्यापक शिकवायचे आणि ड तुकडीला ज्याचा तास रिकामा असेल ते. ड तुकडी म्हणजे "ढ" तुकडी, हे आम्ही इतक्या सहज म्हणायचो की त्यात काही वाईट आहे असं वाटतच नसे. मी ब मध्ये होते, म्हणजे जास्वंदीत. पुढे सेमी इंग्लिश आलं तेव्हा बऱ्याच शाळांत अ तुकडीलाच सेमी केलं गेलं. एकदा सातवीत ब मध्ये पडलं की दहावीपर्यंत अ मध्ये जाणारं मूल मी पाहिलेलं नाही. गणितातही एक प्रयोग होऊन गेला. बीजगणित-भूमिती झेपत नाही त्यांच्यासाठी दहावीला "सामान्य गणित" होतं. मुलं पास झाली, आईवडील खूश झाले, आणि विज्ञान शाखेच्या दारात गेल्यावर कळलं की या गणितावर आत घेत नाहीत. तो पर्याय नंतर बंद केला. आत जायला सोपं आणि बाहेर यायला वाटच नाही, असा गट मुलाच्या भल्यासाठी पाडला होता हे मला कोणी पटवू नये.

तरीही मी गट पाडावेत याच बाजूची आहे. कुठल्या अटींवर, ते सांगते. आधी एक हिशेब.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत भाषेच्या अशा विषयाला एका सत्रात दोन क्रेडिट असतात. एका क्रेडिटचे १५ तास, म्हणजे सत्राला ३० तास. घड्याळी ६० मिनिटांचे धरले तर १,८०० मिनिटं. वर्गात १२० मुलं. मी सत्रभर एक अक्षरही बोलले नाही, हजेरी घेतली नाही, फळ्यावर काही लिहिलं नाही, आणि फक्त मुलांनीच आळीपाळीने बोलायचं ठरवलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ मिनिटं येतात. पूर्ण सत्रात. एवढ्या वेळात धड पोहायला येत नाही, भाषा कुठून येणार? ४० ची बॅच केली तर ४५ मिनिटं होतात, ३० ची केली तर तासभर. वर्गाच्या आकारावर एवढं सगळं ठरतं, आणि वाद मात्र आम्ही घालतो मानसशास्त्रावर.

प्रत्यक्षात १२० च्या वर्गात ती १५ मिनिटंही समान वाटली जात नाहीत. पहिल्या दोन बाकांवरची आठ-दहा मुलं ती सगळी खातात. मी प्रश्न विचारते, ती उत्तर देतात, मला वाटतं वर्ग चालला आहे. मागे शंभर जण वहीत तारीख घालून बसलेले असतात. "एकत्र वर्गात समता असते" असं म्हणणाऱ्यांनी एकदा मागच्या बाकावर बसून तो तास ऐकावा. गट तिथेही आहेतच, फक्त बोर्डावर त्यांची यादी लागत नाही.

संशोधन काय म्हणतं? तर दोन्हीकडचं म्हणतं, आणि म्हणूनच ते नीट वाचायला हवं. अमेरिकेत रॉबर्ट स्लाव्हिन यांनी १९९० मध्ये माध्यमिक शाळांतल्या गटांवर झालेल्या अभ्यासांचा आढावा घेतला. परिणाम जवळजवळ शून्य. इंग्लंडमध्ये बेकी फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं की खालच्या गटांना त्या विषयातले तयार शिक्षक मिळण्याची शक्यता कमी असते, आणि वरच्या-खालच्या मुलांच्या आत्मविश्वासातलं अंतर वाढत जातं. आता केनियाकडे बघा. पश्चिम केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांना पहिलीसाठी एक जादा कंत्राटी शिक्षक दिला गेला आणि वर्ग दोन झाले. साधारण निम्म्या शाळांत मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली, बाकीच्या शाळांत आधीच्या गुणांवरून. एस्थर डुफ्लो, पास्कलीन ड्यूपा आणि मायकल क्रेमर यांचा त्यावरचा निबंध २०११ मध्ये आला. गुणांवरून वाटलेल्या शाळांत वरची मुलंही पुढे गेली आणि खालचीही.

पहिलीतली मुलं आणि एफवायची मुलं यांत फरक आहे, हे कोणी सांगायला नको. पण केनियात दोन्ही गटांचे वर्ग सारखेच लहान झाले होते, आणि समोरची मुलं साधारण एका पातळीची असल्यामुळे शिक्षकाला त्यांच्या पातळीवर येऊन शिकवता आलं. आपल्याकडे "प्रथम" या स्वयंसेवी संस्थेने हेच केलं, आणि त्यांची सुरुवात तर आपल्याच मुंबईच्या वस्त्यांतून, १९९५ च्या सुमारास. मूल कितवीत आहे हे न बघता त्याला काय वाचता येतं ते बघायचं, दिवसातला थोडा वेळ तेवढ्यापुरता गट करायचा, आणि वाचता आलं की पुढच्या गटात. गट कायमचा नाही, दिवसभराचा नाही, आणि त्या गटात शिकवलं जातं ते वेगळं असतं.

आमच्या कॉलेजात काय झालं? तिन्ही बॅचला तेच पुस्तक, त्याच झेरॉक्स नोट्स, तोच पोर्शन, तीच परीक्षा. मोगऱ्यात ऑक्टोबरपर्यंत पोर्शन संपला आणि सदाफुलीत दोन युनिट राहिले, एवढाच फरक. मुलं इकडची तिकडे हलवायची आणि शिकवायचं तेच, तर शून्याशिवाय दुसरं काय हाती लागणार? स्लाव्हिनच्या त्या शून्याचा मला अजिबात अचंबा वाटत नाही. ते मी स्वतः काढून पाहिलंय.

आता सगळ्यात जड आक्षेपाकडे येते. समाजशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्याने त्या वर्षी मला नोटीस बोर्डापाशी नेलं आणि म्हणाला, "मार्क बघू नकोस. आडनावं वाच." मी वाचली. मोगऱ्याची यादी, मग सदाफुलीची. काही बोलले नाही. तो म्हणाला, "ही तुमची चाचणी. शंभर वर्षांपूर्वी चाचणीशिवाय हेच करायचे." अमेरिकेतही वॉशिंग्टन शहरातल्या शाळांत गुणचाचण्यांवरून असेच मार्ग, म्हणजे गट, पाडलेले होते, आणि खालच्या मार्गावर काळी आणि गरीब मुलं खच्चून भरलेली होती. १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी ती पद्धत घटनाविरोधी ठरवली. माझ्या सहकाऱ्याचा मुद्दा तोच होता, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर आजही नाही.

अर्धं उत्तर आहे ते असं. त्या याद्या एकत्र करून १२० चा वर्ग केला तर आडनावं मिसळतात, पण बोलतात तीच पहिल्या दोन बाकांची. वॉशिंग्टनमध्ये खालच्या मार्गावर मुलांना कमी शिकवलं जायचं, तिथून पुढे कॉलेजकडे वाट जात नव्हती. अन्याय तिथे होता. सदाफुलीला जर जास्त दिलं, सगळ्यात अनुभवी शिक्षक, ३० ची बॅच, साडेदहाची वेळ, चालणारा पंखा, तर तीच यादी राखीव डब्यासारखी होईल. राखीव डब्यात बसणाऱ्या बाईला कोणी कमी समजत नाही, उलट बाकीचे हळहळतात की आपल्याला तिथे चढता येत नाही. हे मी सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "देणार का पण?" मी म्हटलं, बघू. तो हसला. त्याचं हसणं मला तेव्हा लागलं होतं.

म्हणून अटी. गट तासापुरता असावा, प्रवेशापासून पदवीपर्यंतचा नको. बोलण्याची बॅच वेगळी आणि लिहिण्याची वेगळी, म्हणजे कोपरखैरण्याचा तो मुलगा बोलण्यात वर आणि लिहिण्यात खाली बसेल, शहापूरची मुलगी उलट, आणि कोणालाच आपण "सदाफेल" आहोत असं म्हणता येणार नाही. कारण प्रत्येकजण कुठेतरी खाली असेल. बोलण्याची पातळी बोलायला लावूनच बघायची, पाच मिनिटं समोरासमोर. त्याला वेळ लागतो, हे मान्य. दर सहा आठवड्यांनी फेरवाटप. यादी बोर्डावर लावायचीच नाही, मुलाच्या मोबाइलवर त्याची बॅच आणि खोली जाते, तेवढं पुरे. खालच्या बॅचमध्ये मराठी, हिंदी बोलायला मुभा. "ओन्ली इंग्लिश" च्या पाट्या मी सगळीकडे पाहिल्यात, त्या पाटीखाली बसलेली मुलं इंग्रजी बोलत नाहीत, ती फक्त बोलायची थांबतात. आणि परीक्षा विद्यापीठाचीच राहणार असली तरी अंतर्गत गुण तरी मूल कुठून निघालं आणि कुठे पोचलं यावर द्यावेत.

यातली फेरवाटपाची अट मोडली तरी मी एक वेळ गप्प बसेन. खालच्या बॅचला चांगला शिक्षक आणि कमी मुलं, ही अट मोडणार असाल तर मात्र बॅच पाडूच नका. मग १२० चा कोंडवाडाच बरा, तिथे निदान सगळे सारखे दुर्लक्षित असतात आणि दुर्लक्षाला नाव नसतं.

पैसे कुठून येणार, हा प्रश्न लगेच येतो. एका बॅचच्या चार केल्या तर तास चौपट होतात, आणि कित्येक वर्षं प्राध्यापकांच्या भरतीऐवजी तासिका तत्त्वावर रेटणाऱ्या व्यवस्थेत ते तास घेणार कोण? हा प्रश्न खरा आहे. पण मोगऱ्याच्या खोलीतला प्रोजेक्टर तिसऱ्या मजल्यावर न्यायला अनुदान लागत नाही. विभागप्रमुखांनी आणि मी बॅच अदलाबदल करायला शासन निर्णय लागत नाही. वर्षाचं वेळापत्रक खालून वर लिहायला, आधी सदाफुली मग मोगरा, फक्त पेन्सिल लागते.

त्या वर्षानंतर बॅच बंद झाल्या. तक्रारी आल्या, मधल्या मुलांच्या पालकांच्या, आणि पुन्हा सगळे १२० च्या वर्गात गेले. घणसोलीची मुलगी पुन्हा पाचव्या बाकावर बसायला लागली. कधीतरी वर्ग सुटल्यावर टेबलाजवळ येऊन एखादं वाक्य विचारायची. परीक्षेत तिला ४२ पडले. कोपरखैरण्याच्या मुलाची एटीकेटी लागली.

गेल्या महिन्यात विभागाची बैठक झाली. जुने प्रमुख निवृत्त झाले, नवीन मॅडम उत्साही आहेत, बॅच पुन्हा सुरू करायच्या असं ठरलं. चाचणीत या वेळी तोंडी भागही आहे, ही मी भांडून मिळवलेली एकमेव गोष्ट. फुलांची नावं नकोत यावर एकमत झालं. मग वेळापत्रकाचा कागद फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी खालच्या बॅचसमोर माझं नाव लिहिलं आणि वेळ साडेदहा केली. मॅडमनी चष्मा वर केला. "अहो, हे चुकून लिहिलंत का? आता तुम्ही सीनियर, वरची बॅच तुमचीच." शेजारच्या खुर्चीवर तासिका तत्त्वावरची नवीन मुलगी बसली होती. तिच्यासमोरचा रकाना रिकामा होता, आणि ती काही न बोलता माझ्याकडे बघत होती.